उन्मत्त लिपीचे दोन मद्यप्रेमी

चिनी लेखनपद्धतींमध्ये 'त्साओ-शू' ही सर्वांत वेगवान होय. हिच्यात अक्षरांचे फटकारे परस्परांत मिसळतात आणि कुंचला कागदावरून फारसा न उचलता लिहीत जावयाचे असते. थांग राजवटीत (इ. स. ६१८ ते ९०७) या पद्धतीला जे अनिर्बंध रूप लाभले, त्यास 'क्वांग-त्साओ', म्हणजे उन्मत्त त्साओ, अशी संज्ञा आहे. या रूपाचे दोन अध्वर्यू, चांग शू आणि बौद्ध भिक्षू ह्वाय-सू, दोघेही मद्यासक्त म्हणून ख्यात होते.

आठव्या शतकातील चांग शूला लोक 'वेडा चांग' म्हणत. मद्याच्या आठ उपासकांवर कवी तू फू याने रचलेल्या प्रसिद्ध कवितेत त्याची गणना आहे. इ. स. १०६० मध्ये पूर्ण झालेला 'थांग राजवटीचा नवा इतिहास' सांगतो की, मद्य चढले म्हणजे तो आरोळ्या ठोकीत सैरावैरा धावे आणि मग लिहू लागे. कधी आपले मस्तकच शाईत बुडवून लिही. शुद्धीवर आल्यावर ते लेखन त्याला दैवी वाटे आणि तसे पुन्हा साधत नसे.

ह्वाय-सूच्या बाबतीत तर संघाच्या नियमानुसार मद्य वर्ज्यच होते. तरीही त्याने ते सोडले नाही. त्याच्या नावाने जतन झालेला 'आत्मवृत्ता'चा इ. स. ७७७ चा पट आज तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. त्यातील १२६ ओळींत ७०२ अक्षरे आहेत. प्रारंभी संयत असलेली रेषा उत्तरार्धात बेभान होते आणि काही अक्षरे एकाएकी प्रचंड आकार धारण करतात.

तर मग ही कला मद्याची देणगी मानावी काय? या लेखनात एकदा उमटलेला फटकारा दुरुस्त करता येत नाही. हात क्षणभर अडखळला, तर कागदात मुरणारी शाई ते लगेच उघड करते. मद्य ही भीती घालवीत असावे. परंतु फटकाऱ्यांचा क्रम आणि कुंचल्यावरील दाब ते शिकवू शकत नाही. ह्वाय-सूजवळ कागदाला पैसा नव्हता, तेव्हा त्याने केळी लावून त्यांच्या पानांवर सराव केला. लाखेचा लेप दिलेली फळी लिहून लिहून झिजविली, अशी परंपरा आहे. चांग शूला तर वाटेच्या हक्कासाठी भांडणारे भोई आणि कुंगसुन नामक नर्तकीचे खड्गनृत्य यांतूनही लेखनाचे मर्म उमगले.

इ. स. ७४१ मधील एका शिलालेखात याच 'वेड्या' चांगची अक्षरे अत्यंत सरळ, प्रमाणबद्ध आणि शांत आहेत. भारदस्त, सुस्थिर अक्षरासाठी चीनभर आदर्श मानला गेलेला यान चनछिंग त्याचाच शिष्य होय. शिष्याला त्याने दिली ती ही शिस्त. तिच्यावाचून मद्याच्या चषकातून केवळ शाईचे डाग उमटले असते.