लिनक्स सुरू होतानाच अडकतंय? फॉरमॅटची घाई करू नका

‘सर, कॉम्प्युटर लोगोवरच थांबलाय. दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारावं लागेल. पण अब्बांचे सगळे फोटो त्यातच आहेत.’ गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा हा फोन. तिच्या अब्बांचा इंतकाल होऊन दोन वर्षं झालेली. पावसात लाईट दोनदा गेली आणि चालू कॉम्प्युटर धाडकन बंद पडला, तेव्हापासून हे सुरू झालं.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून कुणी उबंटू, कुणी लिनक्स मिंट टाकून घेतलंय. चांगलंच आहे. पण मशीन अडकलं की विचारायचं कुणाला?

आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर काढा. लोगो हा नुसता पडदा असतो. मागे काय चाललंय ते एस्केप बटण दाबलं की दिसतं. ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ असेल तर दीड मिनिट थांबा की! मशीन कशाची तरी वाट बघतंय, बऱ्याचदा काढून ठेवलेल्या डिस्कची. शेवटच्या ओळींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

अपडेटनंतर अडकायला लागलं असेल तर मशीन चालू करताच शिफ्ट (नव्या मशीनवर एस्केप) दाबा. ग्रब नावाचा मेनू येईल. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि जुना शक्यतो शिल्लक ठेवलेला असतो. स्क्रीन नुसतीच काळी राहत असेल तर संशय ग्राफिक्स कार्डावर. मेनूत पहिल्या नावावर ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नो-मोड-सेट हे शब्द इंग्रजीत जोडून लिहा आणि एफ १० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो, त्यामुळे भिऊ नका.

लाईट गेल्यामुळे होणारा बिघाड वेगळा. डिस्कवर लिहिता लिहिता वीज तुटते, नोंदी अर्धवट राहतात. मग काळ्या स्क्रीनवर ‘इनिटरॅमएफएस’ असं येऊन गाडी थांबते. तिथे एक्झिट टाइप करून एंटर दाबलं की कोणतं पार्टिशन बिघडलंय त्याचं नाव दिसतं. एफ-एस-सी-के ही चार अक्षरं, जागा, वजा चिन्ह लगेच वाय, पुन्हा जागा आणि ते नाव, असं लिहून एंटर करा. तपासणी संपली की रीबूट.

मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हे करू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन चालू करा, ‘ट्राय’ निवडा (‘इन्स्टॉल’ नव्हे!) आणि आधी फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या.

त्या मुलीच्या मशीनची डिस्क शांत होती. तपासणीला दहाएक मिनिटं लागली. फोटो होते तिथेच होते. संध्याकाळी तिने ते दोन पेनड्राइव्हवर उतरवले, एक खालाकडे ठेवला.