गाडीला डोळे देणारी नोकरी

मैत्रिणींनो, मुलगी कॉम्प्युटर शिकते म्हटलं की आपल्याला हायसं वाटतं. पण उद्या ती म्हणाली, "आई, मी ड्रायव्हर नसलेल्या गाडीला बघायला शिकवणार," तर? घाबरू नका. हे काम तुम्ही घरी केलेलंच आहे.

मांडीवरच्या बाळाला आपण चित्र दाखवतो, "हा काऊ, ही चिऊ." चार दिवसांत त्याला कळतं. यंत्र तेवढं हुशार नाही, बरं का! त्याला हजारो फोटो लागतात आणि प्रत्येकात माणूस कुठे, रिक्षा कुठे, हे कुणीतरी रेघा मारून दाखवावं लागतं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या मंडळींनी २०१८ साली आपल्याकडच्या रस्त्यांचे १०,००० फोटो असे खुणा करून दिले. परदेशी रस्त्यांवर शिकलेल्या यंत्राला आपली रिक्षा कशी ओळखू येणार?

यात चूक झाली तर ती जिवावर बेतते. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टेंपी शहरात एक बाई सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. चाचणीवरच्या अशाच एका गाडीला ती धडकेच्या साडेपाच सेकंद आधी दिसली. दिसली, पण उमगली नाही! यंत्र तिला कधी गाडी म्हणे, कधी 'दुसरं काहीतरी', कधी सायकल. आणि नाव बदललं की ती कुठे चालली आहे याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. झेब्रा पट्टे सोडून माणूस मध्येच रस्ता ओलांडेल, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ती बाई वाचली नाही. आपल्या गावात पट्ट्यांवरून कोण चालतं, सांगा बघू!

तेव्हा लेकीचा कल इकडे असेल तर तिला गणित सोडू देऊ नका. बारावीतले मॅट्रिक्स, कॅलक्युलस आणि संभाव्यता यांवरच पुढचा सगळा डोलारा उभा आहे. पायथॉन ही संगणकाची भाषा घरीही शिकता येते. आयआयटीच्या प्राध्यापकांचे 'एनपीटेल'वरचे पाठ फुकट ऐकता येतात. परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी. पुण्या-बंगळूरला गाड्यांच्या क्षेत्रात हे काम निघतं. सगळंच काही बिनड्रायव्हरच्या गाडीचं नसतं. पुढे कुणी आडवं आलं तर आपोआप ब्रेक लावणारी गाडीही याच विद्येवर चालते.

आणि हो, साहेब अमेरिकेत असले तर मीटिंग रात्री दहाला सुरू होते. तिचं ताट झाकून ठेवा, आणि "एवढ्या रात्री कुणाशी बोलतेस?" असं दारातून विचारू नका.