कोतवाल बुक आणि घरोटा

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड 1880 साली छापला गेला. त्याच साली जळगावलगतच्या असोद्यात महाजनांच्या घरी कवयित्री बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. गॅझेटियर साहेबांनी साहेबांसाठी लिहिलेले. त्यात पिके, सारा, बाजार, जाती यांची मोजदाद आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. घरोटा म्हणजे जाते, मोट, उपणणी यांवरची त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि एका आप्ताने टिपून ठेवली, आणि त्या गेल्यानंतर 1952 साली अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. गावाचा इतिहास गावच्या पोरांना शिकवायचा, तर ही दोन साधने समोरासमोर ठेवावीत. एकात कपाशीचा हिशेब आहे, दुसऱ्यात राबणारे हात आहेत. पण दोन्हींत लेखणी दुसऱ्याच्याच हाती होती, आणि हे एवढे जरी पोरांच्या ध्यानात आले, तरी सातवीच्या पुस्तकातला ‘इतिहासाची साधने’ हा धडा व्याख्या पाठ करण्यापुरता उरत नाही.

गाणे म्हणजे पुरावा नव्हे, असे कोणी म्हणेल. बरोबरच आहे, त्यात साल नसते, भाव नसतो, आणि बहिणाबाई तर तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला गेल्या, म्हणजे गाण्यातले प्रत्येक शेत असोद्याचे धरणे ही चूकच. तरीही मोटेवर कोण, जात्यावर कोण, वाऱ्याची वाट बघत खळ्यात कोण उभे राहते, हे सारावसुलीच्या कागदात सापडायचे नाही. साधनाला त्याच्या जातकुळीचेच प्रश्न विचारावे लागतात, आणि ते विचारायला पदवी लागत नाही. जुन्या कागदांची मोडी लिपी वाचता येत नसेल तर शाळेचे जुने जनरल रजिस्टर घ्या. मुलींची नावे कोणत्या वर्षापासून दिसू लागतात, बापाचा धंदा काय लिहिला आहे, शाळा सोडल्याचे कारण काय, एवढे तपासले तरी दोन-तीन तास पुरायचे नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल आणि जमिनीचा जुना फेरफार आपल्याकडे ट्रंकेतून बाहेर येतात ते जात पडताळणीला, नाहीतर वाटणीच्या भांडणाला. तेच कागद वर्गात मांडले तर कोणाची जात, कोणाचे कर्ज चव्हाट्यावर येईल, ही भीती पोकळ नाही. म्हणून नावे झाकावीत, हयात माणसांच्या नोंदी वगळाव्यात. मात्र जातीचा रकानाच झाकून टाकला, तर जमीन कोणाच्या नावावर होती आणि कोणाच्या नव्हती हा प्रश्नही त्याखाली जातो. सातबाऱ्यावर सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणारा गडी, मालक म्हणून येत नाही. त्याच्यासाठी कागद मिटून, वही-पेन्सिल घेऊन ओट्यावरच्या आजीकडे जावे लागते. आणि आजी लेवा बोलीत सांगत असेल, तर पोरांनी ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, शुद्ध करू नये.