गंडकीचे मीठ

आपल्या देवघरांतील शाळिग्राम मूळचा नेपाळचा, मुक्तिनाथाखालून वाहणाऱ्या काळ्या गंडकीच्या पात्रातला. त्यातील चक्र म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्रात नांदलेल्या शंखधारी जीवाचा ठसा होय. तो सागरतळ उचलला जाऊन हिमालय झाला, आणि ज्या देशात समुद्राचे देव सापडतात त्याच देशाला मिठागर नाही!

मीठ येई ते तिबेटातून, मेंढ्या व खेचरांच्या पाठीवर, याच खोऱ्याने. मोबदल्यात धान्य वर जाई. तुकुचे गावचे थकाली व्यापारी या व्यापारावर गबर झाले. १९५९ नंतर तिबेटची वाट आखडली, आणि खालून भारतीय मीठ डोंगर चढू लागले. १९८९ मध्ये भारताने सीमेवरील बहुतेक नाकी बंद केली, तेव्हा काठमांडूत रॉकेल दुर्मिळ झाले. नेपाळी माणसाला समुद्र भेटतो तो कलकत्त्याच्या गोदीत.