लय कोणाच्या हाती?

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वाद्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी एक ध्वनिमुद्रिका केली. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे तिचे नाव. भैरवी, ललत, यमन, मालकंस, मेघमल्हार असे दहा राग त्यांनी रोलंड या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर बांधले होते. स्वरांसाठी ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, खर्जातील नादासाठी टीबी-३०३ आणि ठेक्यासाठी टीआर-८०८. तबला नाही, तानपुराही नाही. ध्वनिमुद्रिका खपली नाही आणि विस्मरणात गेली. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा युरोपातील श्रोते चक्रावले. शिकागोत १९८७ मध्ये ‘ॲसिड हाउस’ या नावाने पुढे आलेल्या संगीताशी तिचे विलक्षण साम्य होते. सत्तरी ओलांडलेल्या चरणजित सिंग यांना परदेशातून बोलावणी आली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

शिकागोच्या मंडळींनी त्यांच्यापासून काही घेतले, असा पुरावा नाही. तेव्हा ‘पहिला कोण’ हा वाद बाजूला ठेवलेला बरा. त्याहून महत्त्वाचे आहे ते त्या यंत्रांचे वागणे. टीबी-३०३ हे मुळात एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून बनवलेले यंत्र. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. भारतीय कानाला ती मींडेची आठवण करून देते. त्याच्या आवर्तनात सोळा घरे असतात, म्हणजे त्रितालाच्या मात्रांइतकीच. पण साम्य येथेच संपते. ठेका सुरू झाला की तो अखेरपर्यंत एकाच लयीत चालतो. मैफलीत लय हळूहळू चढते, गायक आणि तबलजी एकमेकांकडे पाहून ती चढवतात. यंत्र कोणाकडेच पाहत नाही.

जिवंत वाद्ये आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांचा मेळ घालणाऱ्या स्वतंत्र संगीतकारांपुढचा खरा पेच हाच आहे. नवनवे आवाज काढणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. १९८३ मध्ये आलेल्या ‘मिडी’ या प्रणालीमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एका घड्याळावर चालू लागली. माणसाला मात्र त्या घड्याळाशी जुळवून घ्यायचे, तर कानात ‘क्लिक’चा टकटकाट ऐकत वाजवावे लागते. शिवाय संगणकातून जाणारा आवाज किंचित उशिरा बाहेर पडतो. हा उशीर दहा मिलिसेकंद असला, तर आपलेच वाद्य सुमारे साडेतीन मीटर दूर उभे राहून ऐकल्यासारखे होते. द्रुत लयीत बोटे चालवणाऱ्या तबलजीला एवढे अंतरही खटकते.

दुसरा पेच स्वरांचा. सिंथेसायझर सामान्यतः सप्तकाचे बारा समान भाग करतो. त्याचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. मराठी रसिकाला हे भांडण नवीन नाही. पेटीवर हाच आक्षेप होता आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले होते. नाट्यसंगीताने मात्र पेटीला मनापासून जवळ केले. सिंथेसायझरचे सूर निदान बदलून घेता येतात. ती तसदी फार थोडे घेतात, हा भाग वेगळा.

या पेचांवर कलावंतांनी वेगवेगळे मार्ग काढले. झाकिर हुसेन आणि अमेरिकन बासवादक बिल लॅसवेल यांच्या ‘तबला बीट सायन्स’ने यंत्राचा ठेका आणि हाताचा ठेका समोरासमोर उभे केले. न्यूयॉर्कमध्ये वाढलेले कर्ष काळे त्यात होते. सॅन फ्रान्सिस्कोतील त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण २००२ मध्ये प्रकाशित झाले. त्यात उस्ताद सुलतान खाँ यांची सारंगी आहे. मींड हाच जिचा प्राण, असे ते वाद्य इलेक्ट्रॉनिक खर्जावर मोकळेपणाने फिरते. याचे कारण असे की, तेथे यंत्राला फक्त जमीन धरून ठेवण्याचे काम दिलेले आहे. अनेक जण दुसरी वाट धरतात. वादक स्टेजवरच एक तुकडा वाजवतो, पायाजवळच्या पेडलने तो पकडून फिरत ठेवतो आणि त्यावर पुढचा तुकडा चढवतो. आवर्तन यंत्राचे, पण लय त्याच वादकाच्या हातून निघालेली. पहिला तुकडा जरा चुकला तर ती चूक मात्र गाणेभर सोबत करते.

अशा प्रयोगांना ध्वनिमुद्रणापेक्षाही जागा लागते. मुंबईत लोअर परळच्या गिरणी आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लू फ्रॉग’ने ती काही वर्षे दिली, २०१६ मध्ये ते बंद झाले. चित्रपटाचे पाठबळ नसलेल्या कलावंताला चुकायला आणि पुन्हा वाजवायला जागा मिळणे हेच येथे सर्वांत दुर्मीळ.

यंत्रही आता थोडे ऐकू लागले आहे. ‘एबलटन लाइव्ह’ या संगणक-प्रणालीच्या २०२१ मधील आवृत्तीत वादकाच्या लयीमागे जाण्याची सोय आली. सरळ ठेक्यात ती उपयोगी पडते. तबलजी आडीत शिरला तर तिची फसगत होण्याचा संभव अधिक. सूर जुळवतानाही हीच ओढाताण. संगणकाचा षड्ज जागचा हलत नाही, आणि स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेने तबल्याची शाई-पुडी मात्र सूर बदलत राहते. मग दोन गाण्यांच्या मध्ये सगळी यंत्रे गप्प करून तबलजी हातोडी उचलतो आणि गट्टे ठोकत काळी एक पुन्हा शोधू लागतो.