नितळ पाणी शुद्धच असतं?

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, तासाभराने वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं आणि म्हणायचं, ‘झालं शुद्ध!’ कृती बरोबर, निष्कर्ष चूक. ‘तळ दिसतोय ना, मग झालं तर’ हे इतक्यांदा ऐकू येतं की द्रावण, कलिल आणि निलंबन हे शब्द आपण परीक्षेपुरतेच पाठ केले होते की काय, अशी शंका यावी. गढूळ पाण्यात हे तिन्ही प्रकार एकत्र नांदतात. वाळूचे जाड कण म्हणजे निलंबन. ते आपसूक तळाशी बसतात. चिकणमातीचे साधारण १ ते १००० नॅनोमीटरचे कण म्हणजे कलिल. त्यांच्यावर ऋणभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून पाणी रात्रभर ठेवलं तरी मळकटच राहतं. फडक्यातूनही ते सहज निसटतात. तुरटीतले ॲल्युमिनियमचे धनभारित आयन हा ऋणभार मोडतात आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके त्या कणांना कवेत घेऊन खाली बसतात. तुरटीची करामत एवढीच.

‘आमचे आजोबा हेच पाणी पीत होते’ हा ठरलेला आक्षेप. त्यात तथ्य आहे: गाळाबरोबर बरेच जिवाणूही खाली जातात. पण बरेच म्हणजे सगळे नव्हेत, आणि एक मिलिलिटर पाण्यात हजारो जिवाणू असले तरी ते डोळ्यांना नितळच दिसतं. विरघळलेल्या क्षारांची गोष्ट तर याहून अवघड. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. ते खऱ्या अर्थाने द्रावणात असतं, त्यामुळे दिसत नाही, गाळलं जात नाही, आणि उकळल्यावर पाणी आटून त्याचं प्रमाण उलट वाढतं. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटीनेच फ्लोराइड काढतात, हे खरं, पण तिथे तुरटी मोजून आणि बरीच जास्त लागते, जोडीला चुना असतो. हंड्यात दोन वेढे फिरवणं म्हणजे ती पद्धत नव्हे.

बाकीचे गैरसमज किरकोळ. रंगीत म्हणजे गढूळ नव्हे: मोरचुदाचं पाणी निळंशार असूनही द्रावणच. दूध एकजीव दिसलं तरी द्रावण नाही. त्यात फक्त लॅक्टोज आणि काही क्षार विरघळलेले असतात, केसीन आणि स्निग्धांश कलिल रूपात तरंगतात. शंका असेल तर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून अंधारात टॉर्च मारावा. किरणाची वाट लख्ख दिसते. मिठाच्या स्वच्छ पाण्यात ती दिसत नाही.

तुरटी जरूर फिरवा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनही नीट काम करत नाही. पण त्यानंतर क्लोरीनचे थेंब टाका किंवा पाणी उकळा, आणि बोअरवेलचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या.