नगरचा, नगरकर, अहिल्यानगरकर

नगरमध्ये राहणारा माणूस ओळख करून देताना ‘मी नगरचा’ म्हणतो. ‘मी नगरकर’ असं सहसा म्हणत नाही. ‘नगरकर’ भेटतो तो एक तर आडनावात, नाहीतर बातमीतल्या अनेकवचनात: नगरकरांचे हाल, नगरकरांचा प्रतिसाद. हे दोन वापर परस्परांच्या विरुद्ध आहेत.

आडनाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटतं. नेवाशात सगळेच नेवाशाचे; तिथे ‘नेवासकर’ म्हणून वेगळं कोणाला ओळखणार? परगावी बिऱ्हाड थाटलं की शेजारी त्या घराला मूळ गावावरून हाक मारू लागतात आणि पुढे तेच कागदोपत्री येतं. राहुरीकर, जामखेडकर, शेवगावकर, पारनेरकर हा जिल्ह्यातून बाहेर पडलेल्या घरांचा मागच आहे. अकोलकर मात्र चकवतं. मूळ गाव अकोले की विदर्भातलं अकोला, हे त्या घरालाच विचारावं लागतं. आणि ‘नगरकर’ आडनावाचा माणूस नगरातच जन्मला असेल असंही नाही: कादंबरीकार किरण नगरकर जन्मले (१९४२) ते मुंबईत.

ज्यांचं नाव आता जिल्ह्याला आहे, त्या अहिल्याबाईंचं आडनावही याच जातकुळीचं. जन्म ३१ मे १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, शिंद्यांच्या घरी. सासर होळकरांचं, म्हणजे नीराकाठच्या होळ गावचं. सासरे मल्हाररावांनी दौलत उभारली माळव्यात, पण इंदूरच्या गादीवर १९४८ पर्यंत त्या लहानशा गावाचं नाव राहिलं.

बातमीतला ‘नगरकर’ मात्र गावात नांदणाऱ्यांचा. तो तुमचे पूर्वज कुठले, हे विचारत नाही. नळाला पाणी आलं नाही, तर एमआयडीसीत कालपरवा कामाला लागलेला बिहारी तरुणही त्या हालांत मोजला जातो. रहिवाशाला इतक्या सहज आपलं म्हणणारा हा वापर मला फार मोलाचा वाटतो.

मलिक अहमदने १४९० मध्ये अहमदनगर वसवलं, शहराच्या त्या नावातला ‘अहमद’ बोलण्यातून केव्हाच गळला आणि ‘नगर’ उरलं. २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं तेव्हाही शेवटचं ‘नगर’ शाबूत राहिलं. आठ अक्षरी ‘अहिल्यानगरकर’ छापील मजकुरात दिसेल. पण ‘नगरकर’ला जागचं हलण्याचं कारण नाही. अर्थात १४ तालुक्यांच्या, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याला हा शब्द पुरत नाही. कोपरगावचा माणूस कोपरगावकरच, आणि संगमनेरचा संगमनेरकर.

त्या संगमनेरात दोन्ही वापर एकत्र नांदले. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर तिथल्या रहिवासी. मे २०२१ मध्ये त्यांचं निधनही तिथेच झालं. नावात सातारा, मुलाच्या आडनावात खेड, आणि बिऱ्हाड संगमनेरला. फडाचं नाव होतं, ‘रघुवीर खेडकरसह कांताबाई सातारकर’.